फक्त सही बाकी

मढवी सर आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांना पहिला प्रश्न एकच पडायचा : किती वेळ लागेल? कॅन्टीनवाल्याने वडे तळायला घेतले की हा प्रश्न. प्रिन्सिपॉलनी नव्या प्रयोगशाळेची घोषणा केली की हाच प्रश्न. मी नेरूळला नोकरीला लागलो त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझं नाव-गाव विचारलंच नाही. राज्यशास्त्र संपवायला खरंच वर्ष लागतं की तुम्ही लोक उगाच लांबवता, असं विचारलं. मी बीडकडचा माणूस, पहिल्याच दिवशी अपमान गिळायची माझी तयारी नव्हती. म्हटलं, सर, तुम्ही लाइट गेली की फ्यूज बदलायला शिपायाला बोलावता असं ऐकलंय, त्याला किती वेळ लागतो? सगळ्यांनी डब्यातून माना वर केल्या. सर मात्र खूश झाले आणि त्यांनी आपल्या डब्यातले बोंबील माझ्या झाकणात वाढले. तेव्हापासून मी त्यांचा ‘राज्यशास्त्र’ झालो. गायकवाड हे माझं खरं नाव ते फक्त गंभीर प्रसंगी घ्यायचे.

बुटके, काळेसावळे, शर्टाचा खिसा कायम पांढरा. खडूचे उरलेले तुकडे टाकून देणं त्यांना जमत नसे, ते खिशात जायचे आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर यायचे. कागदाच्या बाबतीत तर विचारूच नका. दोन भोकं पाडलेली, कडा जुळवलेल्या, वर अनुक्रमणिका, प्रत्येक कप्प्याला चिकटपट्टी. परीक्षेच्या काळात बाकीच्या मास्तरांच्या टेबलावर भाजीबाजार असायचा आणि सरांच्या टेबलावर फक्त एक पेन. त्यांची ही टापटीप बघून मला हेवा वाटायचा. हीच टापटीप एक दिवस त्यांच्या घरावर उलटेल असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

सर मूळचे शिरवण्याचे, म्हणजे शहर यायच्या आधीपासूनचे. ‘तुझ्या सोसायटीचं पार्किंग आहे ना, तिथं आमच्या भाताची रोपं असायची,’ हे ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवायचे, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे आणि गावातलं कोणी कॉलेजच्या गेटवर भेटलं की एका श्वासात आगरीत शिरायचे. घर गावठाणातच होतं. वडिलांच्या एका घराचे मधोमध भिंत घालून दोन भाग केलेले. एकात थोरले भाऊ नामदेवदादा, दुसऱ्यात सर. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधल्या भिंतीत एक दार ठेवलेलं होतं आणि त्या दाराला कडीच नव्हती. इकडे कालवण झालं की सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, डावाने दारावर दोनदा ठोकायच्या, तिकडून ताट यायचं. तिकडे काही झालं की तिकडून ठोकायचे. म्हातारी आई झोपायला थोरल्याकडे आणि जेवायला धाकट्याकडे. दिवसातून दहा वेळा ती त्या दारातून ये-जा करायची.

सरांचं एक व्याख्यान कॉलेजात प्रसिद्ध होतं. बारावीचा अणुकेंद्राचा धडा संपला की शेवटचा एक तास ते पुस्तक मिटून ठेवायचे. फळ्यावर एक कपाट काढायचे. त्याच्या खणांत लिहायचे : अणुभट्ट्या, इंधन, इंजिनिअर, रॉकेटं, पैसा. मग म्हणायचे, जगात काही पुढारलेले देश आहेत, जपान घ्या, जर्मनी घ्या, दक्षिण कोरिया घ्या. यांच्याकडे अणुबॉम्ब नाही. पण कपाट असं भरलेलं आहे. उद्या सकाळी त्यांनी ठरवलं, तर किती वेळ लागेल?

लिलावासारखी बोली लागायची. पाच वर्षं, एक वर्ष, सहा महिने. मागच्या बाकावरचा कोणीतरी ‘सर, एक वीकेंड’ म्हणायचा आणि हशा व्हायचा. मी माझा तास रिकामा असला की दारात उभा राहून ऐकत असे. सर शांतपणे सगळं उलगडून सांगायचे. जाणकारांचं यावर एकमत नाही, कोणी महिने सांगतो, कोणी वर्षं. भट्टी असणं वेगळं आणि बॉम्ब असणं वेगळं. आंतरराष्ट्रीय तपासनीस येऊन मोजमाप करतात, त्यांच्या नजरेआड काही करणं सोपं नाही. जपानकडे वेगळं काढलेलं प्लुटोनियम टनांनी आहे, पण ते नोंदलेलं आहे. अण्वस्त्रप्रसारबंदीच्या करारातून बाहेर पडायचं तर तीन महिने आधी कळवावं लागतं. लोकांना पटवावं लागतं, दोस्त देश रागावतात. एवढं सगळं सांगून झालं की ते कपाटाच्या दारावर खडूने टकटक करायचे. ‘थोडक्यात काय, सायन्स आत तयार आहे. फक्त सही बाकी.’

आणि ही गोष्ट त्यांना आवडायची. ज्याला करता येतं आणि जो करत नाही, तोच खरा भारी माणूस, असं त्यांचं मत. शेजाऱ्याला कपाट भरलेलं दिसतं, म्हणून शेजारी नीट वागतो. मारामारी नाही, बॉम्ब नाही, आणि तरी धाक आहे. यावरून आमचे स्टाफरूममध्ये वाद व्हायचे. मी म्हणायचो, सर, भरलेलं कपाट बघून शेजाऱ्याला झोप कशी लागेल? ते म्हणायचे, राज्यशास्त्र, तुला माणसं कळत नाहीत.

माणसं त्यांना कशी कळली आहेत, हे दाखवायला ते मला एकदा घरी घेऊन गेले. लोखंडी कपाट उघडून एक निळी फाइल काढली.

शिरवण्याच्या जमिनी शहरासाठी गेल्या तेव्हा त्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळाले, हे इकडे पोरासोरांना माहीत असतं. मढवींचा भूखंड मिळाला तेव्हा धावपळ नामदेवदादांनी केली आणि कागदावर नाव एकट्या नामदेवदादांचं लागलं. मुद्दाम की चुकून, हे सरांनी कधी विचारलं नाही. विचारण्याऐवजी त्यांनी फाइल केली. जुना सातबारा, वारसाचा दाखला, वडिलांची पत्रं, नकाशा आणि सगळ्यात वर वकिलाकडून टाइप करून आणलेला वाटपाचा दावा. तारखेची जागा कोरी, सहीची जागा कोरी. दिवाळीत दोघे भाऊ ओट्यावर बसले असताना सरांनी ही फाइल दादांच्या मांडीवर ठेवली. दादांनी एकेक पान उलटलं, ‘बराबर हाय’ म्हटलं आणि परत दिली. त्या दिवसापासून दादा त्या भूखंडावर कुंपण घालायचं तरी धाकट्याला विचारून घालत. बिल्डर लोक येऊन परत जात. भावाभावांत एक वाकडा शब्द नाही, मधलं दार उघडं, आईचं येणं-जाणं चालू.

‘बघ,’ सर म्हणाले, ‘कोर्ट बेलापूरला. रिक्षाने वीस मिनिटं. पण मी जात नाही.’

खरं सांगायचं तर मी भारावून गेलो होतो. आमच्याकडे बांधाच्या वादात डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. इथे एक माणूस फाइल कपाटात ठेवून दोन घरं एकत्र ठेवत होता. त्यांच्या व्याख्यानातलं ते कपाट कुठून आलं, तेही त्या दिवशी कळलं.

या सगळ्याला पहिला धक्का एका मुलीने दिला. नावड्याहून येणारी, पहिल्या बाकावर बसणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. ‘फक्त सही बाकी’ म्हणून सर कपाटावर टकटक करत होते, तेवढ्यात तिने हात वर केला. ‘सर, ज्यांनी नाही करायचं ठरवलंय, ते बदलले तर? कपाट तर तसंच राहणार ना?’

सर खडू हातात धरून उभे राहिले. वर्गात कोणी हसलं नाही. मग त्यांनी तिचा प्रश्न जसाच्या तसा फळ्यावर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि घंटेची वाट न बघता वर्ग सोडला. स्टाफरूममध्ये आल्यावर म्हणाले, हुशार आहे पोरगी. एवढंच. मीही विषय काढला नाही. काढायला हवा होता, असं आता सारखं वाटतं.

आई गेली त्यानंतर. तेराव्याला दोन्ही चुली एकत्र पेटल्या, दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून रडले. मग तीन-चार वर्षांनी सरांच्या छातीत दुखायला लागलं, बायपास करायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी आपल्या पद्धतीने सगळी तयारी केली. बँकेची पुस्तकं लावली, विम्याचे कागद लावले आणि मुलाच्या, रोशनच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून दिलं, म्हणजे आपण अंथरुणात असलो तरी कोणाची कामं अडू नयेत. कपाटाची किल्ली त्याच्याकडे दिली. ऑपरेशन छान झालं. तीन महिन्यांत सर वर्गात उभे राहिले. किल्ली आणि कुलमुखत्यारपत्र रोशनकडेच राहिलं, कारण ते परत मागावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. रोशन चांगला मुलगा. तळोज्याच्या कंपनीत नोकरी, बापाचं पथ्य स्वतः सांभाळणारा.

त्याच उन्हाळ्यात नामदेवदादांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. आगरी माणसाकडे लग्नापेक्षा हळद मोठी, त्यामुळे मला हळदीचंच आवतण होतं आणि ‘चारला आला नाहीस तर जेवायला मिळणार नाही’ असा सरांचा दम होता. मी चारला पोचलो. दोन्ही घरांच्या दारात मिळून एकच मांडव. धवलारीण बाई खुर्चीत बसून धवला, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणत होती, बायका हळकुंडं कुटत होत्या. मुलीचा काका म्हणून सर नव्या कुडत्यात, खिसा पहिल्यांदाच स्वच्छ, मांडवभर फिरत होते. मधलं दार सताड उघडं होतं आणि त्यातून पातेली या घरातून त्या घरात जात होती.

तेवढ्यात मांडवात एक अनोळखी माणूस आला. काखेत बॅग, पायात साध्या चपला. लोकांना वाटलं फोटोवाला असेल, कोणीतरी त्याच्या हातात सरबत दिलं. त्याने नामदेव मढवी कोण म्हणून विचारलं, कागद पुढे केला आणि सही कुठे करायची ते दाखवलं. तो कोर्टाचा बेलिफ होता. वाटपाच्या दाव्याचं समन्स आणि भूखंडावर काही करू नये म्हणून मनाईच्या अर्जाची नोटीस. वादी, हरिश्चंद्र मढवी, म्हणजे आमचे सर.

दादांनी चष्मा लावून ते नाव वाचलं. मग मान वर करून सरांकडे बघितलं. मी सरांच्या बाजूलाच उभा होतो. त्यांनी कागद घेतला, पहिली ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं छातीचे टाके उसवले. तो त्यांचाच मजकूर होता. त्यांच्याच चिकटपट्ट्या, त्यांचीच अनुक्रमणिका. कोऱ्या जागी तारीख आली होती, आणि सहीच्या जागी ‘करिता कुलमुखत्यार’ म्हणून रोशनची सही.

रोशन हातातलं पातेलं खाली ठेवून आला. काय झालंय ते बघून तो जरा गोंधळला, पण घाबरला नाही. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की लग्न आटोपलं की काका बिल्डरला भूखंड लिहून देणार आहेत. खरं-खोटं त्यालाही माहीत नव्हतं. बापाच्या हृदयाला त्रास नको म्हणून त्याने परस्पर काम उरकलं होतं. नोटीस नेमकी हळदीला येईल हे मात्र त्याच्या गावी नव्हतं.

‘पप्पा, सगळं रेडीच होतं ना,’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘मी फक्त सही केली. तुम्ही त्याच्यासाठीच ठेवलं होतं ना?’

सरांनी त्याला एकच विचारलं, तेही सवयीने विचारल्यासारखं : किती वेळ लागला?

‘दीड दिवस,’ रोशन म्हणाला.

दादांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ‘आज पोरीची हलद हाय. कागद उद्या बघू,’ म्हणाले, आणि ताटातली हळद घेऊन त्यांनी पहिल्यांदा धाकट्या भावाच्या गालाला लावली. रीत म्हणून लावली की माया म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. सर गालावर हळद घेऊन पार जेवणं होईपर्यंत एकाच खुर्चीत बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घरी आले, मला ‘गायकवाड’ म्हणाले, आणि आम्ही रिक्षाने बेलापूर गाठलं. वकिलाने सांगितलं, दावा मागे घेता येतो, त्यात काही विशेष नाही. सरांनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली. परतताना त्यांना जरा धीर आला होता. चूक झाली, दुरुस्त केली, लग्नाची गडबड संपली की दादाच्या पाया पडेन, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पुढच्या तारखेला, आमचा अर्ज कोर्टापुढे यायच्या आधीच, दादांच्या वकिलाने उत्तर दाखल केलं. नुसतं उत्तर नव्हे, उलट दावा. आमचा वकील चक्रावला. लोक याला महिनोन् महिने लावतात, यांनी नवव्या दिवशी गठ्ठा आणला होता. भोकं पाडलेला, कडा जुळवलेला, वर अनुक्रमणिका. त्यात भूखंडाच्या धावपळीचे सगळे कागद होते, साक्षीदारांची नावं होती आणि शेवटून दुसरं पान आईचं होतं. आईचं प्रतिज्ञापत्र, खाली अंगठा. धाकट्याला शिकवला, कॉलेजात चिकटवला, तोच त्याचा वाटा, जमिनीत त्याचं काही नाही, अशा अर्थाचा मजकूर.

सरांनी मजकूर वाचला नाही. तारीख वाचली. ज्या दिवाळीत त्यांनी ओट्यावर फाइल दाखवली, त्याच्या पुढच्याच महिन्यातली ती तारीख होती. म्हणजे आईने अंगठा दिला आणि त्यानंतर मरेपर्यंत, आठ वर्षं, रोज दोन वेळा ती त्या दारातून येऊन सरांच्या शेजारी बसून जेवली. माशातला काटा सर तिला काढून द्यायचे, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. शांततेची म्हणून जी बारा वर्षं सर मला मिरवून दाखवत होते, त्या बारा वर्षांत भिंतीच्या पलीकडे दुसरं कपाट भरत होतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात दोघे भाऊ समोरासमोर आले. सर म्हणाले, दादा, मी माझा मागे घेतलाय. दादांचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता.

‘तू फाइल दाखवलीस, म्हनून मी जमवली. नाय तं मना काय गरज व्हती?’

दावा मागे घेतला तरी उलट दावा आपोआप संपत नाही, तो चालू राहतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. राज्यशास्त्राच्या माणसालाही माहीत नव्हतं. तो अजून चालू आहे.

त्या वर्षी अणुकेंद्राचा धडा संपल्यावर मुलं शेवटच्या तासाला वाट बघत बसली. सरांनी उदाहरणं सोडवायला दिली. फळ्यावर कपाट काढलं नाही. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

हल्ली पेपरात पुन्हा तेच येत असतं. या देशाचा पुढारी म्हणाला की गरज पडली तर आम्हीही करू शकतो, त्या देशातल्या इतक्या लोकांना आता बॉम्ब हवा आहे. तज्ज्ञ किती महिने लागतील ते सांगतात. पूर्वी अशी बातमी दिसली की मी कात्रण कापून सरांसाठी न्यायचो. गेल्या महिन्यात असाच एक लेख वाचला, कात्रण कापलं नाही, नुसताच शिरवण्याला गेलो.

सर स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होते. बारीक झाले होते. मधल्या दाराच्या जागी भिंत होती. विटा पलीकडून रचल्या होत्या, इकडून गिलावा नव्हता, सिमेंट फटींतून बाहेर येऊन तसंच वाळलेलं. माझी नजर तिकडे गेली हे त्यांनी पाहिलं.

‘एका दुपारीत झालं,’ ते म्हणाले. ‘मी पेन्शनच्या कामाला गेलो होतो. आलो तर संपलं होतं.’ मग लसणाची पाकळी ताटात ठेवून म्हणाले, ‘मला वाटायचं गायकवाड, की तयारी आणि करणं यांच्या मधे भरपूर मोकळी जागा आहे, आणि तिथं मी एकटाच उभा आहे. दादा पण तिथंच उभा होता रे.’

तेवढ्यात वहिनींनी गॅस बंद केला. जवळ्याच्या कालवणाचा वास घरभर झाला होता. त्यांनी डाव उचलला, पदराला पुसला, सवयीने भिंतीकडे दोन पावलं टाकली आणि तिथेच थांबल्या. वळल्या तेव्हा त्यांनी आमच्या दोघांकडेही बघितलं नाही.

सर उठले. त्यांनी वहिनींच्या हातातून डाव घेतला, भिंतीपाशी गेले आणि विटांवर दोनदा ठोकलं. वर्गात प्रश्न विचारून झाल्यावर उभे राहायचे, तसे मान एका बाजूला कलती करून उभे राहिले. पलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मी चपला घालून निघालो तेव्हाही ते डाव हातात घेऊन तिथेच उभे होते.